अनुभव धागा: कोरोसिव्ह (गंज आणणारी) काडतुसं उडवल्यावर बंदूक कशी साफ करता?

मंडळी, जुन्या लष्करी साठ्यातली काडतुसं नेमकी चालतात, रायफलीही त्यांच्यावर खूश असतात. कटकट सुरू होते ती नंतर. यांच्या प्रायमरमध्ये (काडतुसाच्या बुडातल्या, दारू पेटवणाऱ्या टोपीत) पोटॅशियम क्लोरेट असतं. बार उडाला की त्याचं पोटॅशियम क्लोराइड होतं, म्हणजे चक्क एक मीठ, आणि ते नळीत, बोल्टच्या (नळीचं मागचं टोक बंद करणाऱ्या सरकत्या भागाच्या) तोंडावर, गॅसच्या वाटेत जाऊन बसतं. दमट हवेत मिठाला पाणी सुटतं तसं यालाही सुटतं आणि पोलाद गंजायला लागतं. हे माहीत असूनही प्रत्येकाची पद्धत वेगळी, म्हणून हा धागा. स्वतः केलेलं, पाहिलेलं लिहा. चेंबर (काडतूस बसतं ती जागा) आणि मॅगझिन रिकामं आहे हे डोळ्यांनी बघून, बोटाने चाचपून मगच पुढचं सगळं. ते प्रत्येकाने वेगळं लिहायला नको.

निवृत्त फौजी
ली-एनफिल्डवर, म्हणजे हाताने बोल्ट ओढायच्या जुन्या लष्करी रायफलवर शिकलो. बोल्ट काढायचा, बाकदार तोंडाचं नरसाळं चेंबरमध्ये बसवायचं, नळीचं तोंड खाली आणि उकळतं पाणी ओतायचं. मग पुलथ्रूने (नळीतून ओढायच्या दोरीने) कोरड्या चिंद्या, चिंदी कोरडी आणि स्वच्छ बाहेर येईपर्यंत. शेवटी तेलाची एक. उकळत्या पाण्यात काही जादू नाही, मीठ गार पाण्यातही विरघळतं. पण नळी तापली की पाणी आपसूक उडून जातं आणि तुमचं अर्धं काम वाचतं. पाणी दस्त्याच्या लाकडाखाली मात्र झिरपू देऊ नका. तिथला गंज वरून दिसत नाही. दस्ता उतरवल्यावरच कळतो, आणि तोवर उशीर झालेला असतो.

रेंजवरची ताई
बोल्ट अ‍ॅक्शनवाल्यांचं सोपं आहे हो! माझ्याकडे एसकेएस आहे, बाराच्या गॅसने पिस्टन ढकलून स्वतःच पुढचं काडतूस भरणारी रायफल. नळीइतकंच मीठ गॅस ब्लॉक, पिस्टन आणि गॅस ट्यूबमध्ये असतं. मी पिस्टन, ट्यूब, बोल्ट सुटं करून साबणाच्या गरम पाण्यात टाकते, ब्रश मारते, साध्या पाण्याने खळबळून काढते आणि लगेच वाळवते. पाणी हटवणारा स्प्रे, पुसणं, तेल, याच क्रमाने. फायरिंग पिन बाहेर काढून तिचं भोक बघायचंच. नळीला आतून क्रोम आहे म्हणून निर्धास्त राहणारे बरेच भेटतात. क्रोम नळीत असतं, बोल्टच्या तोंडावर नाही.

काचेवरचा फवारावाला
रेंजवरच अमोनियाचा काच पुसायचा स्प्रे नळीत मारतो. अमोनिया क्षार मारतो. आजवर गंजाचा ठिपका नाही.

रसायनवाला
दादा, ठिपका आला नाही हे खरं, पण श्रेय चुकीच्या माणसाला देताय. पोटॅशियम क्लोराइड हे आम्ल नव्हे, त्याला ‘मारण्यासारखं’ काही नाही. २० अंशाला १०० मिलिलिटर पाण्यात ते जवळजवळ ३४ ग्रॅम विरघळतं, आणि स्प्रेमध्ये बहुतेक पाणीच असतं. अमोनियाचा उपयोग तांब्याचा थर काढायला, चिंदी निळसर होते ती त्यामुळे. तेलात मात्र हे मीठ विरघळत नाही. म्हणून नुसतं तेल पाजलेली नळी वरून चकचकीत दिसते आणि तेलाखाली मीठ तसंच राहतं.

काचेवरचा फवारावाला
बरं, पाणी तर पाणी. स्प्रेची बाटली मी सोडणार नाही, रेंजवर चुलाणं कुठून आणू?

मोसिनप्रेमी
सोव्हिएत पद्धत बघा. त्यांच्या सूचनांत अमोनियम कार्बोनेट आणि थोडं डायक्रोमेट घातलेलं पाण्याचं द्रावण असे. डायक्रोमेट विषारी आहे, घरी बनवायच्या भानगडीत पडू नका. त्यातली मला पटलेली गोष्ट दुसरीच: गोळीबारानंतर पुढचे ३-४ दिवस रोज नळी साफ करायची. मी रोज घासत बसत नाही, पण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एक पांढरी चिंदी फिरवतोच. तांबूस निघाली तर परत पाणी.

मझललोडर
आमच्या तोंडातून ठासायच्या बंदुकांच्या काळ्या दारूत प्रायमरचा प्रश्न दुय्यम, राखच ओलावा ओढते. साबणाचं कोमट पाणी, वाळवणं, तेल. घरी पोचल्यावर आधी बंदूक, मग चहा.

संग्राहक
एक इतिहासाचा तुकडा. अमेरिकनांच्या एम१ कार्बाइनची काडतुसं सुरुवातीपासून नॉन-कोरोसिव्ह ठेवली होती, कारण तिचा गॅस पिस्टन शिपायाने खोलायचा नसे. त्यांच्याच एम१ गॅरंड रायफलची काडतुसं मात्र १९५०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत बहुतांशी कोरोसिव्हच.

नवखा
माझ्या डब्यावर काहीच लिहिलेलं नाही. ओळखायचं कसं?

संग्राहक
शंका असली तर कोरोसिव्ह समजून धुवा, पाण्याने कुणाचं नुकसान होत नाही. खात्रीच हवी असेल तर काडतुसातली गोळी आणि दारू काढलेलं, फक्त प्रायमर शिल्लक असलेलं कवच जाणत्या माणसाकडून रेंजवर, तेल पुसून टाकलेल्या साध्या पोलादी पट्टीवर उडवून घ्या. शेजारी तशीच एक कोरी पट्टी ठेवा. दोन्ही एक-दोन दिवस दमट जागी राहू द्या. पहिलीवरच गंज चढला तर उत्तर मिळालं. आणि ज्या बंदुकीतून हे केलं, तीही त्याच दिवशी धुवा.