मुधोळचं पिल्लू घ्यायचं तर आई बघून घ्या, नाहीतर घेऊ नका

वडगावकर, बेळगाव

दोन वर्षांपूर्वी एका आठवडी बाजाराच्या तोंडाशी एका माणसाकडून मुधोळचं, म्हणजे आमच्या उत्तर कर्नाटकातल्या शिकारी कुत्र्याच्या जातीचं, पिल्लू घेतलं. केळ्यांच्या खोक्यात पाच पिल्लं, खाली गोणपाट. "दीड महिन्याचं आहे, लस झालीय," म्हणाला. घरी आणून तोंड उघडून बघतो तर पुढचे दात नुकते हिरडीतून टोचू लागलेले. म्हणजे महिन्याचं, फार तर. चौथ्या दिवशी उलट्या, पाचव्या दिवशी रक्ताचे जुलाब. पार्व्हो. पिल्लांना होणारा विषाणूचा जीवघेणा आजार. सलाईन लावायला डॉक्टरांना पायाची शीर सापडेना, इतका तो पाय बारीक. सहाव्या दिवशी पहाटे बायकोच्या मांडीवर गेलं. 'बाण' नाव ठेवलं होतं.

आता पुन्हा घेतोय, पण या खेपेला यरगट्टी-लोकापूर करत मुधोळ तालुक्यातल्या एका घरी तीनदा जाऊन आलोय. पहिल्या खेपेला त्यांनी पिल्लू दाखवलंच नाही. उलट मलाच विचारत बसले: कंपाउंड केवढं उंच, दिवसभर घरी कोण असतं, आधीचं पिल्लू कशानं गेलं? पार्व्हो म्हटल्यावर त्याला कुठं ठेवलं होतं, ती जागा धुतली का, तिथली माती काढली का, सगळं विचारलं. दुसऱ्या खेपेला आई दाखवली. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पोट आत ओढलेलं. आमच्यात आणि पिल्लांत येऊन ती आडवी उभी राहिली. मालकानं पाठीवर हात ठेवला तशी खाली बसली, पण डोळा माझ्यावरच. बाप शेजारच्या गावचा, तोही बघून आलो. लसीचं कार्ड आईचंसुद्धा आहे. पिल्लू दोन महिन्यांचं झाल्याशिवाय देणार नाहीत, आणि पुढं सांभाळणं झेपलं नाही तर त्यांच्याकडंच परत आणून द्यायचं, अशी अट आहे.

माझं म्हणणं एवढंच: आई न दाखवणाऱ्याकडून कुणीही पिल्लू घेऊ नये. स्वस्त असो, दया येवो, घेऊ नये. त्या खोक्यातल्या पिल्लाची दया येऊन पैसे दिले की पुढच्या आठवड्याला दुसरं खोकं येतंय.

गल्लीतली ताई, टिळकवाडी

भाऊ, बाणचं वाचून पोटात तुटलं. पण तुमचं म्हणणं मला पटत नाही. आमच्या गल्लीत यंदा पावसाळ्यात गटाराच्या कडेला सात पिल्लं झाली, दोन जगली. त्यांची आईसुद्धा तुम्हाला बघायला मिळाली असती, रोज संध्याकाळी माझ्या पायरीवर येते. तुम्ही कुत्र्यासाठी एवढा प्रवास केलात, तीनदा! ती माया इथल्या जिवाला का नाही?

आणि चांगला ब्रीडर (पैदास करून विकणारा), वाईट ब्रीडर असा फरक केला तरी मागणी मागणीच. २०२० च्या ऑगस्टमध्ये 'मन की बात'मध्ये मुधोळचं नाव आलं आणि ज्याला त्याला तेच कुत्रं हवं झालं. तुमचा फोटो बघून तुमचा शेजारी तीन खेपा घालणार नाही, तो बाजारातच जाईल.

जमखंडीकर

दादा, मला राग आला तो वेगळ्या गोष्टीचा. "जबाबदार ब्रीडर" म्हटलं की शहरातल्या लोकांच्या डोळ्यांपुढं टाइल्सची खोली आणि फाइल येते. ही जात टिकवली कुणी? बेडर शिकाऱ्यांनी, धनगरांनी, मळ्यातल्या माणसांनी. मुधोळ संस्थानच्या राजांनी, मालोजीराव घोरपड्यांनी, ती बेडरांकडं पाहिली, तिची पैदास हातात घेतली आणि इंग्लंडच्या पंचम जॉर्जला जोडी भेट दिली, म्हणून नाव झालं. त्याआधीपासून ती गोठ्यात, भाकरीवर वाढतच होती. आजही तालुक्यात शेकडो घरांना या पिल्लांच्या पैशाचा आधार आहे.

माझ्या मामांकडं कसलंच रजिस्टर नाही. पण कुठली कुत्री कुठल्या नराची, चार पिढ्या तोंडपाठ सांगतील. बाप-लेकीची जोड कधी लावली नाही. असल्या माणसाला कागद नाही म्हणून खोकेवाल्याच्या रांगेत बसवू नका.

पशुवैद्य, निपाणी

जमखंडीकर, मामांच्या तोंडच्या चार पिढ्या मला मान्य. मामांच्या मागं कोण सांगणार? जात थोड्या गावांत, थोड्या घरांत आहे. रक्त जवळ येत गेलं की कमकुवत पिल्लं निघू लागतात, आणि लिहून ठेवलेलं नसेल तर कुठं चुकलं ते कळतही नाही. एक वही पुरे, टाइल्स नकोत.

कायद्याचंही सांगतो. २०१७ च्या श्वान पैदास नियमांप्रमाणे विक्रीसाठी पैदास करणाऱ्यानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करायची. ८ आठवड्यांखालचं पिल्लू विकायचं नाही. १८ महिन्यांच्या आतल्या मादीला जोड लावायची नाही. हे गोठ्यालाही लागू, फ्लॅटलाही. आणि शंका असेल तर मुधोळजवळ तिम्मापूरला बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, तिथं जाऊन विचारा.

ताई, गल्लीतल्या पिल्लाचा जीवही तेवढाच, हे तुमचं मात्र खरं. पार्व्होच्या निम्म्या केसेस मला लसीच्या दिरंगाईच्याच दिसतात, मग कुत्रं मुधोळ असो की गावठी. दीड-दोन महिन्यांनी पहिली लस, मग चार महिन्यांचं होईपर्यंत पुढचे डोस. वडगावकर, तुमच्या अंगणातल्या मातीत तो विषाणू महिनोन्महिने टिकतो. डोस पुरे होईतो पिल्लाला तिथं सोडू नका. आणि पुढं कधी ऑपरेशनची वेळ आली तर डॉक्टरांना मुधोळ आहे म्हणून आधी सांगा. या कुत्र्यांच्या अंगावर चरबी फार कमी असते, भुलीची काही औषधं त्यांना जड जातात.

रानवाट, खानापूर

हे धावायला जन्मलेलं जनावर आहे. नजरेनं सावज धरायचं आणि सुटायचं. आमच्या आजोबांकडं होती, त्या काळात सशामागं सोडायचे. वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली ते बरंच झालं, पण त्या पायांचं काय करायचं ते कुणी सांगत नाही. बेळगावात दोन खोल्यांच्या घरात साखळीला बांधलेला एक मुधोळ मी बघितलाय. साखळीपुरता गोल फिरून फिरून फरशीवर काळा वण उमटला होता. त्याचा ब्रीडर कितीही सच्चा असू दे, कुत्र्याला काय उपयोग? शहरातल्यानं ही जात घेऊच नये.

वडगावकर

रानवाट, तुमची ती फरशी आता डोळ्यांपुढून हलत नाही. माझं कंपाउंड साडेपाच फुटांचं होतं, पिल्लू देणाऱ्यांच्या सांगण्यावरून सातचं करून घेतलं. पहाटे येळ्ळूरच्या बाजूला मोकळं रान आहे, तिथं नेणार. ते जमणार नसतं तर तुमचं ऐकून थांबलो असतो.

जमखंडीकर, मी ज्यांच्याकडून घेतोय त्यांच्याकडंही टाइल्स नाहीत. शेणानं सारवलेली जमीन आहे, आणि एका शाळकरी वहीत लेकीच्या अक्षरात कुत्री कधी व्याली, पिल्लं किती, कुणाला दिली ते लिहिलेलं आहे. मलाही अशी वहीच पुरे, फाइल मी मागितली नव्हती.

ताई, तुम्हाला मात्र उत्तर देता येत नाही. माया इथल्या जिवाला का नाही, हे मी मलाच रात्री विचारलं. मला हीच जात हवी आहे, लहानपणी चुलत्यांकडं बघितल्यापासून. आणि अशी पाळणारी माणसं टिकली नाहीत तर जात खोकेवाल्यांच्याच हातात जाईल, हेही मला खरंच वाटतं. पण त्यानं तुमच्या पायरीवरच्या कुत्रीचं काही भागत नाही, हे कबूल.

गल्लीतली ताई, टिळकवाडी

कबूल केलंत तर पुढचंही करा. ती पायरीवरची पुन्हा गाभण राहण्याआधी तिची नसबंदी करून घ्यायची आहे. धरायला माणूस लागतो, मला एकटीला आवरत नाही. गाडी आहे का तुमच्याकडं?

वडगावकर

आहे. रविवारी सकाळी येतो. जुनं गोणपाट आणि जाड दोरी घेऊन येतो, भाकरी तुम्ही ठेवा.

जमखंडीकर

वडगावकर, त्या वहीच्या दोन पानांचा फोटो पाठवाल का? मामांना दाखवतो. त्यांची नात सातवीत आहे, अक्षर चांगलं आहे तिचं.