रिलीफ = दिलासा, माफी, स्थगिती की सवलत? (अमेरिकन इमिग्रेशनच्या संदर्भात)

खर्डेघाशा:
एक भाषांतर हातात आहे आणि एका शब्दापाशी गाडी अडलीय. लेख 2014 च्या अमेरिकेतला. ओबामांनी नोव्हेंबरात जाहीर केलं की ज्यांची मुलं अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाली आहेत पण स्वतःकडे कागद नाहीत अशा आईबापांना काही वर्षं बाहेर काढणार नाही, ती डापा योजना. लगेच 4 डिसेंबरला हाउसने (तिथली लोकसभा म्हणा) फ्लोरिडाचे खासदार टेड योहो यांचं बिल 219 विरुद्ध 197 ने पास केलं, की अध्यक्षांना असला रिलीफ आपल्या अधिकारात देताच येऊ नये. सिनेटने ते हातातही घेतलं नाही ते सोडा. मी रिलीफला 'दिलासा' लिहिलं तर संपादक म्हणतात हे हायकोर्टाच्या बातमीसारखं वाटतंय, 'माफी' करा. मला माफी खटकतेय. काय लिहू?

गुंठेवारी:
माफी नकोच. माफी म्हणजे विषय संपला, व्याज माफ, दंड माफ. 'अभय' सुद्धा नको, आपल्याकडे मुद्रांक शुल्काची अभय योजना येते, पैसे भरले की फाइल बंद. तसं अमेरिकेत 1986 ला झालं होतं, रेगन यांनी सही केली आणि 27 लाखांच्या आसपास लोक कायमचे कायदेशीर झाले, पण तो काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने केलेला रीतसर कायदा होता. 2012 चा डाका, लहानपणी आणल्या गेलेल्या बिनकागदांच्या मुलांसाठीचा, काय होता तर होमलँड सिक्युरिटी (इमिग्रेशन बघणारं खातं) च्या मंत्री जॅनेट नेपोलिटानो यांचा तीन पानी मेमो. दोन वर्षं कारवाई नाही, वर्क परमिट मिळेल, बस. ग्रीन कार्ड नाही, काही नाही. बांधकाम नियमित होणं वेगळं आणि तोडकाम पुढे ढकलणं वेगळं, तसंच हे. मी 'स्थगिती' लिहीन. आणि हो, 'अ‍ॅम्नेस्टी' हा तिकडे विरोधकांचा शब्द आहे, तुम्ही माफी लिहिलंत की नकळत एका पार्टीत जाऊन बसलात.

मीनल_एडिसन:
स्थगिती कोर्ट देतं हो. आणि डापाला खरंच टेक्सासच्या फेडरल कोर्टाने फेब्रुवारी 2015 मध्ये स्थगिती दिली, पुढे 2016 ला सुप्रीम कोर्टात 4-4 झालं म्हणून ती तशीच राहिली. आता लिहा, "कारवाईच्या स्थगितीला स्थगिती". वाचक पळून जाईल.
शिवाय रिलीफ म्हणजे एकच गोष्ट नाही. 2011 ला रिपब्लिकन लामार स्मिथ यांनी हाउसमध्ये आणि त्यांच्याच पक्षाच्या व्हिटर यांनी सिनेटमध्ये एक बिल आणलं होतं, आद्याक्षरं जुळवून नाव केलं होतं हॉल्ट, त्यात पॅरोल, डिफर्ड अ‍ॅक्शन (डाका-डापासारखी कारवाई पुढे ढकलणं), टीपीएस म्हणजे संकटातल्या देशांच्या लोकांना तात्पुरतं राहू देण्याची नवी घोषणा, असं बरंच एका दमात गोठवायचं होतं. कधीपर्यंत, तर ओबामांची टर्म संपेपर्यंत! म्हणजे आक्षेप खुर्चीच्या अधिकाराला नव्हता, खुर्चीत बसलेल्या माणसाला होता, आणि तेही बिलात छापून. हेच स्मिथ 1999 ला सही करून सांगत होते की फारच हाल होतील अशा केसेसमध्ये अधिकाऱ्यांनी आपला विवेक वापरून कारवाई टाळावी.
(आमच्याकडच्या एच-4 वरच्या, म्हणजे एच-1बी वर नोकरी करणाऱ्यांच्या मुलांना यातलं काहीच लागू नाही. डाकासाठी 15 जून 2012 ला तुमच्याकडे कायदेशीर स्टेटस नसायला हवं होतं. आमची पोरं कायदेशीर, म्हणून 21 पूर्ण झाले की आईबापाच्या व्हिसावरून बाहेर. असो.)

सदूभाऊ येरवडेकर:
पॅरोलचं काय करताय ते आधी सांगा. मराठी वाचकाला पॅरोल म्हटलं की जेल दिसतं, सरकारी भाषेत अभिवचन रजा, आणि फर्लो म्हणजे संचित रजा. इमिग्रेशन पॅरोल म्हणजे व्हिसा नसताना आत येऊ देणं, आणि कायद्याच्या लेखी तो माणूस आत शिरलेलाच नसतो. तरतूद 1952 ची. 1956 ला आयझेनहॉवर यांनी तीच वापरून 30 हजारांवर हंगेरियन निर्वासित आणले. तेव्हापासून काँग्रेस ही खिडकी बारीक करतेय. 1980 ला निर्वासितांचा वेगळा कायदा केला, 1996 ला लिहून टाकलं की एकेक केस तपासून, तातडीचं मानवी कारण किंवा मोठं सार्वजनिक हित असेल तरच. तरी 2023 ला बायडन यांनी क्यूबा, हैती, निकाराग्वा, व्हेनेझुएला मिळून महिन्याला 30 हजारांपर्यंत लोकांना पॅरोल देणं सुरू केलं, मग त्याच वर्षी मे महिन्यात हाउसने पुन्हा बिल पास केलं, 219-213, पॅरोल आणखी आवळायला. तेही सिनेटमध्ये अडकलं. मी 'तात्पुरता प्रवेश' लिहितो.

तारीखपेतारीख:
तात्पुरता प्रवेश चांगलंय. एक विनंती, कुठेही 'अध्यादेश' लिहू नका, पेपरवाले सर्रास लिहितात. आपला अध्यादेश कलम 123 चा, त्याला कायद्याचं बळ असतं आणि अधिवेशन सुरू झाल्यावर सहा आठवड्यांत संसदेची मंजुरी लागते. अमेरिकन अध्यक्षाला तसला अधिकारच नाही.
आणि ही बिलं का मरतात हे लेखात नसेल तर तळटीप द्या. पूर्वी काँग्रेसकडे सोपा उपाय होता, अ‍ॅटर्नी जनरलने कुणाची हद्दपारी थांबवली तर एकच सभागृह ठराव करून ते उलटवू शकत होतं. 1975 ला हाउसने 340 जणांच्या यादीतून सहा नावं उडवली, त्यात केनियात जन्मलेला, ब्रिटिश पासपोर्टवाला, भारतीय वंशाचा चढ्ढा होता. तो लढला, आणि 1983 ला सुप्रीम कोर्टाने 7-2 ने तो ठरावाचा रस्ताच घटनाबाह्य ठरवला. आता पूर्ण कायदा करा, म्हणजे दोन्ही सभागृहं आणि वर अध्यक्षाची सही. ज्याचे हात बांधायचे त्याचीच सही! नाहीतर दोन तृतीयांश आणा. म्हणून मग 2015 ला विरोधकांनी होमलँड सिक्युरिटी खात्याच्या बजेटला अटी लावून बघितलं, मार्चमध्ये तेही अटींशिवायच पास करावं लागलं.

खर्डेघाशा:
चढ्ढा लेखात नाही, तळटीप नक्की. मग मी असं करतो, मोघम रिलीफला 'सवलत', कारण सवलत देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि काढूनही घेता येते. डिफर्ड अ‍ॅक्शनला 'कारवाई लांबणीवर'. आता बिलाच्या नावात 'ओव्हररीच' आहे, त्याला 'अतिक्रमण' चालेल?

गुंठेवारी:
अर्थ बरोबर आहे पण डोळ्यासमोर महापालिकेची गाडी आणि उचललेली हातगाडी येते. 'अधिकाराबाहेर जाणे' लिहा, लांब आहे पण चालेल.

मीनल_एडिसन:
अतिक्रमणच ठेवा. योहोंना तेच म्हणायचं होतं, गाडीसकट.