बाविसाव्या आठवड्यातच वजन सात किलोने वाढले आहे. रात्रीचे जेवण बंद करावे का?

पहिलटकरीण:
माझी उंची 155 सेंटिमीटर असून दिवस राहण्यापूर्वी वजन 62 किलो होते. आता बाविसावा आठवडा चालू आहे आणि वजन 69 किलो भरले. डॉक्टरांनी "वजनाकडे लक्ष द्या" एवढेच सांगितले. मागे रांग मोठी असल्याने मला अधिक विचारता आले नाही. सासूबाई 'दोन जिवांची आहेस' म्हणत रोज दोन डिंकाचे लाडू आणि भातावर सढळ हाताने तूप वाढतात, आणि त्यांच्या मायेला नाही म्हणणे मला जड जाते. रात्रीचे जेवण बंद केले तर चालेल का? गरोदर स्त्रियांसाठीच्या मार्गदर्शन वर्गात याविषयी काही शिकवतात का?

आहारशास्त्राची शिक्षिका:
ताई, जेवण मुळीच बंद करू नका. या काळात वजन उतरवायचे नसते, वाढीचा वेग सांभाळायचा असतो, आणि तो वेग दिवस राहण्यापूर्वीच्या वजनावरून ठरतो. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2009 मध्ये ठरवलेली मर्यादा आजही वापरली जाते: बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, हे दाखवणारा आकडा) 18.5 ते 24.9 असेल तर एकूण वाढ 11.5 ते 16 किलो, 25 ते 29.9 असेल तर 7 ते 11.5 किलो. तुमचा बीएमआय सुमारे 25.8 येतो, म्हणजे यापुढे आठवड्याला साधारण 280 ग्रॅम वाढ पुरेशी आहे. उरलेल्या 18 आठवड्यांत तेवढीच झाली, तर एकूण वाढ 12 किलोच्या आसपास राहील. मर्यादेपेक्षा थोडी जास्त, पण त्यासाठी उपाशी राहणे बाळाच्या हिताचे नाही.

दोन जिवांचे खाणे म्हणजे दुप्पट खाणे नव्हे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार गरोदरपणात रोज सुमारे 350 कॅलरी जास्त लागतात. एक ज्वारीची भाकरी, वाटीभर उसळ आणि एक पेला दूध एवढ्यात त्या जवळजवळ भरून निघतात. तूप, साखर आणि डिंकाच्या दोन लाडवांतही तेवढ्या कॅलरी सहज जातात, पण उसळ आणि दुधाइतकी प्रथिने त्यांत नसतात. ग्लुकोज पाजून दोन तासांनी करायची मधुमेहाची तपासणी झाली नसेल, तर ती अवश्य करून घ्या. त्या तपासणीत 140 किंवा त्याहून अधिक आकडा आला, तर आहाराचा विचार वेगळा करावा लागतो.

आशा कार्यकर्ती:
आमच्या आदिवासी पाड्यांवर मला याच्या नेमके उलट दिसते. बाळ मोठे झाले तर बाळंतपण अवघड जाईल, या भीतीने आधीच 40 किलोच्या असलेल्या मुली शेवटच्या महिन्यांत खाणे कमी करतात, आणि मग मूल अशक्त जन्मते. ज्यांचा बीएमआय 18.5 पेक्षा कमी असतो त्यांचे वजन तर 12.5 ते 18 किलोने वाढायला हवे. अमृत आहार योजनेत अंगणवाडीत शेवटच्या तिमाहीत एक वेळचे गरम जेवण मिळते. पण ते का खायचे, हे सासूला आणि नवऱ्याला पटवल्याशिवाय ताटातले अन्न पोटात जात नाही. म्हणून दर महिन्याच्या 9 तारखेच्या मोफत तपासणीला मी घरातल्या एका तरी माणसाला सोबत आणायला सांगते, आणि कार्डावरचे वजन त्यांनाही दाखवते.

दोन लेकरांची आई:
आमच्या वर्गात श्वसनाचे व्यायाम होतेच, शिवाय एक पूर्ण तास वजनाच्या तक्त्यासाठी दिला होता. सासूबाईंना घेऊन जा, ताई. माझ्या सासूबाईंनी तिथल्या बाईंना स्वतः प्रश्न विचारले, आणि त्यानंतर लाडू बंद झाले नाहीत, पण रोजचे दोन होते ते एक दिवसाआड एक असे झाले. आठवड्यातून एकदा, सकाळी, त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहीत जा. एखाद्या आठवड्यात वजन एकदम वाढले आणि सोबत चेहऱ्यावर सूज, डोकेदुखी किंवा डोळ्यांसमोर अंधारी आली, तर ते जेवणाचे नव्हे, रक्तदाबाचे लक्षण असू शकते. अशा वेळी पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखान्यात जावे.

पहिलटकरीण:
मनापासून आभार. शनिवारच्या वर्गाला आम्ही दोघींनी नाव नोंदवले आहे. मधुमेहाची तपासणी अजून झालेली नाही, ती उद्याच करून घेते.