पस्तीस मिनिटांत सगळ्या अंगाचा व्यायाम: कशाला काय जोडायचं?

गोदाकाठ:
वय 43, नाशिक. सकाळी 6 ते 6.35 एवढाच वेळ माझा, मग डबे आणि 7.50 ची बस. घरात साडेसात किलोची डंबेलची जोडी आणि एक रबरी पट्टा. वेळ वाचावा म्हणून मी दोन-दोन व्यायाम मध्ये न थांबता करते. पण स्क्वॉटला (बैठकांसारखं खाली बसून उठणं) लागून लंजेस (एक पाय पुढे टाकून गुडघे वाकवणं) केले की तिसऱ्या फेरीत डावा गुडघा आत वळतो, आरशात स्पष्ट दिसतं. जोर आणि शोल्डर प्रेस (डंबेल खांद्यापासून डोक्यावर ढकलणं) एकत्र घेतले तर जोर बारावरून पाचवर येतात. माझी ताकद कमी पडतेय की जोड्या चुकतायत?

लालमाती:
ताई, जोड्या चुकतायत. स्क्वॉट नि लंजेस दोन्हींचा भार मांड्यांवरच. जोर नि प्रेस दोन्हींत खांदा आणि दंडाची मागची बाजू. दमलेल्यालाच पुन्हा जुंपलं तर तो काय देणार? एक भाग राबताना दुसरा विसावला पाहिजे. कोल्हापूरच्या तालमीत आम्ही जोर झाले की बैठकांना लागायचो. छाती-दंडांना उसंत मिळायची, वेळही जायचा नाही.

स्क्वॉटला रो जोडा, म्हणजे वाकून डंबेल वर ओढणं. जोरांना रोमानियन डेडलिफ्ट, म्हणजे डंबेल हातात धरून, पाठ सपाट ठेवून कमरेतून वाकणं नि उठणं. शोल्डर प्रेसला दाराच्या वर अडकवलेला पट्टा खाली ओढणं. दहा-बारा वेळा एक, पंधरा सेकंद, दहा-बारा वेळा दुसरा, मग सव्वा मिनिट थांबा. अशी फेरी तीन मिनिटांत बसते. तीन फेऱ्यांना नऊ, तीन जोड्यांना 27 मिनिटं. उरलेल्या आठातली पाच आधी अंग मोकळं करायला ठेवा, ती खाऊ नका.

रो नि डेडलिफ्ट मात्र एकत्र नकोच. दोन्हींत मूठ आवळलेली असते, कंबर ताणलेली असते. मूठ आधी सुटते, मग पाठीला गोलाई येते, आणि दुखणं तिथंच धरतं.

रो असा: डावा गुडघा नि डावा हात दिवाणावर, पाठ सपाट. डंबेल छातीकडे ओढू नका, कमरेकडे ओढा. कोपर बरगडीला घासून गेलं पाहिजे, खांदा कानाकडे चढता कामा नये. खाली सोडताना तीन मोजा. लोक ओढायला जोर लावतात नि सोडताना टाकून देतात, निम्मा व्यायाम तिथंच वाया जातो.

फिजिओ_ठाणे:
लालमातींशी सहमत. गुडघा आत वळायला लागला की आकडा पुरा करायचा हट्ट सोडा, सेट तिथंच थांबवा. भार उचलताना श्वास बाहेर. रोखून धरला तर रक्तदाब एकदम चढतो. बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच. आणि रोज नको, आठवड्यातून तीनदा, मध्ये एक दिवस सोडून. जागतिक आरोग्य संघटनाही अशा व्यायामासाठी आठवड्याला किमान दोन दिवस सांगते.

गोदाकाठ:
मंगळवार, गुरुवार, शनिवार करून पाहिलं. जोर 12, 11, 10! गुडघा तिन्ही फेऱ्यांत सरळ. 34 मिनिटं लागली. दादा, रोला डावा हात आठातच थकतो, उजवा बारा करतो. काय करू?

लालमाती:
डाव्यानं सुरुवात करा. तो आठ करील तर उजव्यानंही आठच. डावा बारावर आला की दोघांचं वजन एकदमच वाढवा.