मॉरिस नुसता नक्षीकार नव्हता
काही जण म्हणतात की एकोणिसाव्या शतकातला इंग्रज नक्षीकार विल्यम मॉरिस याने कापडांसाठी फक्त नक्षी काढली, मेहनत कारागिरांची. हे मला मुळीच पटत नाही. १८८३ चं त्याचं 'स्ट्रॉबेरी थीफ' (स्ट्रॉबेरी-चोर) हे छापील कापड बघा. केल्मस्कॉट या त्याच्या गावाकडच्या घराच्या बागेत स्ट्रॉबेऱ्या पळवणारे कस्तूर पक्षी त्यावर आहेत, चोचीत लालबुंद फळ! आधी अख्खं कापड निळीत बुडवायचं, मग लाकडी ठशांनी रंग उडवणारं रसायन लावून नको तिथली निळाई काढायची, आणि त्या पांढऱ्या जागी लाल-पिवळा भरायचा. छपाईला कित्येक दिवस लागत. हे जमावं म्हणून मॉरिस इंग्लंडमधल्या लीक गावी थॉमस वॉर्डल या रंगाऱ्याच्या कापड रंगवण्याच्या कारखान्यात स्वतः राबला. हात निळे करून घेतले त्याने! कापड महाग पडलं, श्रीमंतांनीच घेतलं, हा आक्षेप मात्र खरा आहे, आणि तो त्यालाही सलत होता.