मनगटातील नस दबली आहे. छाटणीपूर्वी शस्त्रक्रिया करावी का?

प्रश्न : दिंडोरीच्या द्राक्षबागेत वर्षानुवर्षे छाटणीची कात्री चालवणारी माझी आई रात्री बधिर हात झटकत उठून बसते. नाशिकच्या डॉक्टरांनी कार्पल टनेलची, म्हणजे मनगटातील दबलेली नस मोकळी करण्याची, शस्त्रक्रिया सुचवली आहे. ऑक्टोबर छाटणीपर्यंत ती कात्री धरू शकेल का?

उत्तर : अंगठ्याच्या मुळाशी मांस झिजू लागले असेल, तर थांबू नये. बहुधा तेवढाच भाग बधिर करून तळहातातील नसेवरचा आडवा पट्टा (स्नायुबंध) कापतात आणि नसेवरचा दाब काढतात. टाके साधारण १० ते १४ दिवसांत निघतात, परंतु पकडीतील जोर परतायला दोन-तीन महिने, कधी अधिकही लागतात. या हंगामात कात्री दुसऱ्या कोणाकडे द्यावी, हे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक उत्तर : डॉक्टरांना विचारून शस्त्रक्रियेनंतर बोटे पहिल्या दिवसापासून हलवू द्या. मधुमेह व थायरॉइड तपासले आहेत का? त्यांमुळेही हा त्रास होऊ शकतो.