वजन उतरवणाऱ्या 'हर्बल' कॅप्सूल नागपुरात तपासायच्या कुठे?

मंडळी, मदत हवी आहे. त्रिमूर्तीनगरातल्या आमच्या वहिनींनी ऑनलाइन 'शंभर टक्के हर्बल' कॅप्सूल मागवल्या. 12 दिवसांत 4 किलो उतरले, पण तोंड कोरडं, रात्रभर झोप नाही, छातीत धडधड. त्यात बीपीची गोळी आधीपासून सुरू. डबीवर गार्सिनिया, मेथी, त्रिफळा छापलंय. उत्पादकाचा पत्ता नाही, बॅच नंबरही नाही. त्रिफळ्यानं कधी झोप उडते का? मला सिबुट्रामिनची, म्हणजे भूक मारणाऱ्या रासायनिक औषधाच्या भेसळीची, शंका येते. ते भारतात 2011 पासून बंद आहे, तरी अशा डब्यांत सापडत आलंय. कॅप्सूल थांबवल्या, उद्या डॉक्टरांकडे नेतोय. असा नमुना खासगीत कुठं तपासून मिळेल? एफडीएकडे तक्रारीला उघडलेली डबी चालते का? वहिनी ती फेकूही देत नाहीत, "पैसे लागले न बाप्पा!"